एकविसावं नाणं

बाबा सेल जिभेला लावून बघायचे. घड्याळातून काढलेला चपटा, चकचकीत सेल दोन बोटांत धरायचा, त्याची कड जिभेच्या टोकाला टेकवायची, डोळे किलकिले करायचे आणि निकाल द्यायचा. "मेलाय." किंवा, "जिवंत आहे, अजून वर्ष काढेल." जिवंत सेलाने जिभेला मुंग्या येतात. मोजायचं यंत्र त्यांच्या टेबलाच्या खणात पडलेलं असायचं, पण ते म्हणायचे, त्या यंत्रातलाच सेल मेलेला असला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? आई चिडायची. "एक दिवस जीभ काळी पडेल, मग बसा गिऱ्हाइकांशी खाणाखुणा करत!"

आमची पुढची खोली म्हणजे बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे आम्ही चौघं, पलीकडे भिंतभर टिकटिक. सेलांचा डबा मात्र कुलपात, वरच्या फळीवर. त्या बाबतीत बाबा कडक होते. नवे सेल ज्या पुठ्ठ्यावर येतात त्यावर एका रांगत्या बाळाचं चित्र असतं आणि त्यावर लाल फुली. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की गिळल्यास अन्ननलिका आतून जळते, काही खाऊ-पिऊ घालू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. मी ते वाचलं होतं, कारण मी साबणाचं वेष्टनसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाही. एकदा बाबांना विचारलंही होतं, "मेलेला सेल गिळला तर?" ते म्हणाले, "घड्याळापुरता मेलेला असतो तो. पोराला मारण्याइतका जीव असतो त्याच्यात."

ते वाक्य ऐकून मी तेव्हा हसले होते.

या वर्षी मला कंठ फुटला होता. त्याआधी हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही माझा घसा कोरडा पडायचा. मग वक्तृत्व स्पर्धेला आमच्या वर्गातली मुलगी आजारी पडली, बाईंनी मला ढकललं, आणि मी जी सुटले ती थेट ढाल घेऊनच खाली उतरले. तेव्हापासून मला गप्प करून दाखवावं कोणी! समोरच्या शिवणवाल्या मावशींनी म्हणूनच त्यांची ठमी माझ्या ताब्यात दिली. ठमी पाच वर्षांची, हट्टी, दोन शेंड्या वर बांधलेली. तिच्या बालवर्गात दुकान-दुकान खेळायचं होतं, खरी नाणी मोजून. "तुझं ऐकेल ती," मावशी म्हणाल्या. "माझं ऐकायचं तर मला आधी शिवणयंत्र बंद करावं लागतं."

ठमी आली म्हणजे आमचा भोंग्या आलाच. माझा भाऊ, वय वर्षं चार. त्याने रडायला सुरुवात केली की गल्लीच्या टोकाचा माणूस दुपार झाली समजून जेवायला निघतो, म्हणून भोंग्या. पोरांना शिकवायची माझी पद्धत अशी: चटईवर तीन बश्या. एकांची बशी, दोनांची बशी, पाचांची बशी. मधे नाण्यांचा ढीग. आधी सगळी नाणी एकेक करून मोजायची, मग वाटायची, मग बेरीज. नाणी आईच्या डब्यातली, तिने मोजून दिलेली. वीस. संध्याकाळी वीसच परत हवीत, हा तिचा नियम.

त्या दुपारी आई बेकरीत कामाला गेली होती. बाबांना कारखान्यातून बोलावणं आलं, तिथलं हजेरीचं घड्याळ बंद पडलं होतं आणि दारात कामगारांची गर्दी झाली होती. हातातलं काम टाकून ते तसेच निघाले. जाताना दारातून ओरडले, "पडदा ओढून घे गं!" मी ओढला. पण पडदाच तो, भिंत थोडीच.

मी दूध तापत ठेवलं होतं म्हणून स्वयंपाकघरात उभी होते. मुलं चटईवर.

"ताई, एकवीस!" ठमी ओरडली.

"वीस आहेत," मी ओट्यापासूनच म्हणाले. "तू सतरा दोनदा म्हणतेस. परत मोज."

"नाही म्हणत. एकवीसच आहेत."

"ठमे, ती नाणी तुझ्या जन्माआधीपासून वीस आहेत. प्रत्येक नाण्यावर बोट ठेव, बाजूला सरकव, मग पुढचं. घाई नाही."

दूध वर आलं. मी गॅस बंद केला, पातेलं उतरवलं. चटईवरून तिचा आवाज येत होता, एक, दोन, तीन, अगदी शहाण्यासारखा, प्रत्येक आकड्यामागे नाणं घासल्याचा आवाज. मधेच भोंग्या काहीतरी पुटपुटला आणि खुदकन हसला. मग ठमी थांबली.

"आता वीस झाली," ती म्हणाली. आवाज जरा फसवल्यासारखा.

"बघ!" मी दोन पेले घेऊन बाहेर आले. "शांतपणे मोजलं की कसं बरोबर येतं! शाबास!" खरं सांगते, छाती फुगली होती माझी. मोठेपणी मी शिक्षिकाच होणार, हे तिथल्या तिथे ठरलंसुद्धा.

भोंग्याने दूध घेतलं नाही. तोंड मिटून मान हलवली. दुधाला नाही म्हणणाऱ्यातला तो नव्हे. मला वाटलं, रुसला असेल, शाबासकी ठमीला मिळाली ना. मी त्याला जवळ ओढलं तर त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. बाळासारखी, तार धरून. त्याने एकदा गिळल्यासारखं केलं आणि चेहरा कसनुसा केला. मग हात गळ्याखाली नेला, सदऱ्याच्या पहिल्या गुंडीपाशी, आणि तिथेच धरून ठेवला.

"काय झालं रे?"

तो बोलला नाही. रडलाही नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज नव्हता. आमच्या भोंग्याला आवाज नव्हता.

"मावशी!" मी दारातून जी किंचाळले, त्या शिवणयंत्र सोडून गळ्यात टेप तशीच लटकत धावत आल्या. त्यांनी भोंग्याचं तोंड उघडून बघितलं, पाठीत थापट्या मारल्या. "नाणं गेलंय वाटतं. घाबरू नको. हिच्या मोठ्या भावानं नाही का गिळलं होतं? केळं खाऊ घातलं, दुसऱ्या दिवशी आलं बाहेर. धुऊन परत वापरलं, बाई!"

"आधी नाणी मोजू द्या," मी म्हणाले. एकेक नाणं सरकवत गेले. वीस. परत मोजली. वीस.

"हात्तिच्या!" मावशींनी श्वास सोडला. "मग गिळलंच नाही काही. वीसच्या वीस आहेत की. घसा धरला असेल. जीव घाबरा केलास माझा."

आणि मला क्षणभर इतकं हलकं वाटलं, की मी हसलेसुद्धा. त्या हसण्यातच ठमीकडे लक्ष गेलं. ती बशी हातात धरून उभी होती, रडवेली.

"पण मघाशी एकवीस होती," ती म्हणाली. "मी खरं सांगत होते. तू म्हणालीस चूक."

"एकविसावं कुठलं होतं?"

"भोंग्यानं आणलं. त्याच्यावर चित्र नव्हतं. गुळगुळीत होतं, पाचाएवढं."

"कुठून आणलं?"

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "मग त्याने जिभेवर ठेवलं. म्हणाला मुंग्या आल्या. म्हणाला, हे जिवंत आहे. आणि हसला. आणि मग नव्हतंच."

माझ्या कानात टिकटिक घुमायला लागली, सगळ्या भिंतीची एकदम.

मी पडद्यापलीकडे धावले. बाबांच्या टेबलावर कोणाचातरी स्वयंपाकघरातला वजनकाटा पालथा पडला होता. मागचं झाकण उघडं, स्क्रू शेजारी वाटीत, आणि सेलाची गोल खोबण रिकामी. मोठा सेल असतो त्यात. पाचाएवढा.

"बाबांनी खिशात घातला असेल," मागून मावशी म्हणाल्या. हे खरंच शक्य होतं. बाबा नमुना म्हणून जुना सेल खिशात टाकतात, म्हणजे येताना तसाच नवा आणता येतो. मी त्यांना फोन लावला. वाजला, वाजत राहिला. कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत त्यांना काय ऐकू येणार? परत लावला. आईला लावला. तिच्या मालकांनी उचलला, मी एवढंच सांगितलं की आईला मोठ्या दवाखान्यात पाठवा, भोंग्याने सेल गिळलाय.

"अगं, नक्की माहीत नसताना आईला कशाला घोर लावतेस?" मावशी रागावल्या. "बाबांचा फोन येऊ दे. पोरगं बघ, श्वास घेतंय नीट. थोडं पाणी पाज, केळं आहे माझ्याकडे. एका पाच वर्षांच्या पोरीच्या मोजण्यावर तू दवाखाना गाठणार? हसतील तिथे तुला."

त्या वयाने माझ्या आईएवढ्या. माझ्या तापात रात्री जागलेल्या. त्यांना उलट बोलायची मला सवय नव्हती. आणि त्यांचं खरं निघालं तर? सेल बाबांच्या खिशात सापडला तर? गल्लीभर माझं नाव झालं असतं, पोरीला ढाल काय मिळाली, डोकंच फिरलं. पण भोंग्याने पुन्हा गिळायचा प्रयत्न केला, आणि त्याचे खांदे वर उडाले, आणि लाळेत एक तांबूस रेघ दिसली. अगदी बारीक.

"त्याला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मावशी, त्याला उचला. मी गाडी बघते."

गल्लीत पाण्याच्या मोठ्या बाटल्या पोचवणारे टेम्पोवाले काका माल उतरवत होते. मी त्यांचा दंडच धरला. "काका, माझ्या भावाच्या गळ्यात सेल अडकलाय. दवाखान्यात. आत्ता."

त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. उरलेल्या बाटल्या तशाच ठेवून दार आपटलं. पुढे मी, मांडीवर भोंग्या, मधे दाटीवाटीने मावशी आणि त्यांच्या पायांत ठमी. मागे बाटल्या प्रत्येक खड्ड्याला एकमेकींवर आपटत होत्या. भोंग्याचं डोकं माझ्या छातीशी. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तीच ती मऊ कातडी, तोच तीळ. आत काय चाललंय? पुठ्ठ्यावरची ती बारीक अक्षरं ओळीनं डोळ्यांसमोर येत होती, आणि मी ती वाचली नसती तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. मग वाटलं, नाही, नाही, बरं झालं वाचली.

"पोरी, तू श्वास घे आधी," काका म्हणाले. "त्याच्यापेक्षा तूच निळी पडलीस."

दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काय झालं?"

"गिळलंय काहीतरी..." मावशींनी सुरुवात केली.

"नाणं? नाणी गिळतातच मुलं. बसा तिथे. नंबर आला की हाक मारतील."

बाकांवर तीसेक माणसं असतील. एक म्हातारा हाताला फडकं बांधून, एक बाई तापलेलं बाळ घेऊन. सगळे आमच्या आधीचे. माझा जुना घसा परत आला, तो हजेरीचा. कोरडा ठणठणीत. मी खिडकीची कड धरली.

"नाणं नाही," मी म्हणाले. ऐकू गेलं नाही. मग मी पोटातून आवाज काढला, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. "नाणं नाही! सेल आहे! चपटा, मोठा! आतून जळतंय त्याचं! तुम्ही डॉक्टरांना बोलवा, नाहीतर मी आत जाते!"

सगळे बाक वळून बघायला लागले. तो माणूस उठलाच. आतून पांढरा कोट घातलेल्या एक डॉक्टरबाई दारात आल्या, तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी भोंग्याची लाळ बघितली, त्याच्या गळ्याला हात लावला.

"तू गिळताना पाहिलंस?"

"नाही."

"मग सेल कशावरून?"

मी ठमीला पुढे ओढलं. तिच्या नाकातून शेंबूड वाहत होता. "एकवीस होती," ती हुंदके देत म्हणाली. "मग वीस झाली. त्याला मुंग्या आल्या."

मला वाटलं, आता हसतील. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, ठमीकडे बघितलं, आणि भोंग्याला माझ्या हातातून घेतलं. "एक्स-रे. लगेच. कोणासाठी थांबू नका."

काचेआडून मला एक्स-रेचा पडदा दिसत होता. भोंग्याच्या इवल्या फासळ्या, कणा, आणि वरच्या बाजूला, दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या मधोमध, एक पांढरीफेक चकती. मी देवाला म्हणत होते, नाणं असू दे, मी मावशींची माफी मागेन, सगळी गल्ली हसू दे, नाणं असू दे. डॉक्टरबाई पडद्याजवळ वाकल्या. बोट त्या चकतीच्या काठावरून फिरवलं. आत आणखी एक काठ होता, पहिल्याला समांतर, जसं डब्याला झाकण असतं तसा.

"नाण्याला एकच कड असते," त्या शेजारच्याला म्हणाल्या, आणि मग इतक्या जोरात चालायला लागल्या, की त्यांच्या एका पायातली चप्पल मागे राहिली. त्या परत वळल्या नाहीत.

दुहेरी दारं बंद झाली. माझ्या हातात भोंग्याच्या सदऱ्याची एक गुंडी उरली होती. ती कधी तुटली, मला आठवत नाही.

आई आली ती कोपरापर्यंत पिठात. तिने मला काही विचारलं नाही, रागावलीसुद्धा नाही, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली. आईचा फोन अखेर लागला, तसे बाबा त्यानंतर आले. धावत. खिसे चाचपत.

"काट्याचा सेल," ते म्हणाले. "काढला, आणि तेवढ्यात फोन आला. टेबलावरच राहिला. मी खिशात टाकतो नेहमी. नेहमी टाकतो." त्यांनी खिसा उलटा केला. आतून एक छोटा स्क्रू पडला आणि फरशीवर गोल फिरला. "पण त्याने तोंडात कसा घातला? तो आता लहान आहे का काही तोंडात घालायला?"

मला सांगायचं नव्हतं. पण ते माझ्याकडेच बघत होते.

"जिवंत आहे का ते बघत होता," मी म्हणाले.

बाबा खाली बसले. बाकावर नाही, फरशीवर. त्यांचा हात तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला. आई अजून दाराकडेच बघत होती. मावशींनी ठमीला पदराखाली घेतलं, आणि मग दुसऱ्या हाताने मलाही. "बरं झालं माझं ऐकलं नाहीस," त्या माझ्या केसांत पुटपुटल्या. "केळं घालत होते मी त्याला. केळं!"

दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातात काचेची एक कुपी होती. आत सेल. एका बाजूने काळा पडलेला, फेस आल्यासारखा. बाबांनी तो बघितला आणि नजर वळवली.

"निघाला," त्या म्हणाल्या. "अन्ननलिका भाजली आहे. भोक पडलेलं नाही, सध्या तरी. खरा धोका अजून संपलेला नाही. भाजलेली जागा नंतरही फाटू शकते. तोंडाने काही जाणार नाही, नाकातल्या नळीनेच. रोज बघू." मग माझ्याकडे वळल्या. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते."

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. भोंग्याच्या नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. तो पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवायचा आणि आई ती बाटली पलंगाखाली लपवायची. रात्री त्याने कूस बदलली तरी आम्ही तिघं उठून बसायचो. बाबा घड्याळ न घालता यायचे. ठमीच्या शाळेतलं दुकान कधी झालं, कसं झालं, मला विचारायचंही सुचलं नाही.

मग एका सकाळी डॉक्टरबाई वाटी आणि चमचा घेऊन आल्या. नळी काढली होती. "आज पाणी," त्या म्हणाल्या. "जागा भरली असेल तर जाईल. नसेल तर लगेच ठसका येईल, ताप चढेल. मग पुन्हा आत." एवढं साधं बोलल्या, आणि आईने पलंगाची कड इतकी घट्ट धरली, की तिची नखं पांढरी पडली.

अर्धा चमचा पाणी. भोंग्याने तोंडात घेतलं आणि ओठ मिटले. गिळेचना. गाल फुगलेले, डोळे एवढे मोठे. त्यालाही आठवत होतं. आई म्हणाली, "गिळ रे राजा." बाबा म्हणाले, "काही नाही होत." तो हलला नाही. त्याच्या गळ्यातून पाणी आमच्यापैकी कोणीच उतरवू शकत नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मला काही बोलता येईना. दोन ओळींची कविता नाही, विनोद नाही, काही नाही. मी नुसतं तोंड मिटलं, त्याच्यासारखेच गाल फुगवले, आणि मान वर करून, त्याला माझा गळा नीट दिसेल असं, आवंढा गिळला.

तो बघत राहिला. मग त्याचा गळा हलला. तीळ वर गेला, खाली आला.

आम्ही ठसक्याची वाट पाहिली. बाहेर कोणाचीतरी ढकलगाडी कुरकुरत गेली.

"अजून," भोंग्या म्हणाला. आवाज घोगरा, जेमतेम.

डॉक्टरबाईंनी चमचा वाटीत ठेवला. "थांब जरा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे बघत थांबलो.